केळ्याची चकती आणि माझे साडू

जगातल्या यच्चयावत वस्तूंमध्ये ग्लिसरिन कमी पडले आहे, अशी प्रामाणिक समजूत असलेला एकच मनुष्य मी पाहिला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. धुळ्याच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ कच्च्या केळ्याच्या स्टार्चमध्ये क्षार कालवून बॅटरीसाठी पातळ चकत्या ओतायचे. नुसती चकती पापडासारखी कडक होई. तिच्यातून आयन काही पुढे सरकत नसत. ग्लिसरिन घातले की स्टार्चच्या साखळ्या सैल पडत, आयनांना वाट मिळे, वीज वाहू लागे. पण थेंब जास्त झाला की चकतीचा मुरंबा! मधला नेमका थेंब शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि मेहुणीने टाचांच्या भेगांसाठी आणलेल्या कितीतरी बाटल्याही.

जळगावला आमच्याकडे आले की ते थेट स्वयंपाकघरात शिरत. कणकेत बोट खुपसून म्हणत, "साखळ्या आखडल्यात." माझी बायको म्हणे, "भाऊजी, बोट धुतलंय का?" एका लग्नात ते जिलबी वाकवून बघत होते. वाढप्याला वाटले, आणखी हवीय; त्याने चार टाकल्या. साडूंनी त्याही वाकवून पाहिल्या.

दोंडाईच्याला सासऱ्यांकडे सावद्याहून केळ्यांचा घड आला, की साडू हिरव्या फण्या पिशवीत भरू लागत. सासरे, म्हणजे नाना, विचारत, "जवाईबापू, केळं खावाले शे का करंट काढाले?"

"नाना, यावरच दिवा लावून दाखवतो."

"माले दखाडा, मंग खरं."

गेल्या वर्षी तो थेंब सापडला. तोवर नाना अंथरुणाला खिळले होते. नजरही पार अधू झाली होती. साडू भर दुपारी चकत्या छातीशी धरून आले. जस्त आणि कार्बन यांच्यामध्ये एकेक चकती दाबून त्यांनी चार घट जोडले, आणि इवलासा दिवा खरोखर लागला.

"नाना, लाल दिवा पेटना!" मेहुणी आनंदाने ओरडली.

साडू दिवा नानांच्या चेहऱ्याजवळ नेत असताना वायर निसटली आणि तो विझला. नाना मात्र खिडकीच्या उजेडाकडे बघत, दिवा दिसल्यासारखी मान डोलावत हसले.

"दिखना, जवाईबापू. बेस लाल दिखना."

साडूंनी आमच्याकडे पाहिले.

"हो नाना," ते म्हणाले, "लालच आहे."

सुटलेली वायर त्यांनी हळूच खाली ठेवली आणि नानांचा हात हातात घेतला.