पावतीची मागची बाजू

धुलाईच्या कारखान्यात नवीन माणूस घ्यायचा तर त्याला आधी भिंगबाईंच्या टेबलासमोर उभं राहावं लागे. त्यांचं खरं नाव एव्हाना पगाराच्या यादीपुरतं उरलं होतं. परदेशातून आलेल्याचा कामाचा परवाना अस्सल आहे का, मुदत शिल्लक आहे का, फोटोतला चेहरा समोरच्याचाच आहे का, हे त्या भिंग लावून पाहत आणि मगच ‘मूळ कागद स्वतः पाहिला’ या ओळीखाली सही करत. सतरा वर्षांत एक सही चुकली नव्हती. हे घरी जेवताना त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की नवरा बिचारा आधीच मान डोलवू लागे.

इस्त्रीखात्यातल्या एका बाईने आपल्या धाकट्या बहिणीला आणलं. हाताला चपळ पोरगी, चाचणीत इस्पितळाच्या बारा चादरी तिने बघता बघता इस्त्री करून काढल्या. पण परवान्याची मुदत दोनच दिवसांपूर्वी संपलेली, आणि सोबत नूतनीकरणाच्या अर्जाची पावती.

“पावतीवर काम मिळत नाही.”

“ताई, मागं लिहिलंय बघा. नवा येईपर्यंत जुनाच चालतो. महिन्याभरात कुठं कामाला लागले नाही तर मला परत मायदेशी जावं लागेल हो.”

“सतरा वर्षं हेच करतेय मी. मला शिकवू नका.”

पोरीने पावती उलटी करून समोर ठेवली. बाईंनी ती न वाचताच सरकवली. कागद उलटून पाहायला कितीसा वेळ लागतो? पण समोरची शहाणपणा शिकवते म्हटल्यावर ह्यांचा मान आडवा आला.

तीन महिन्यांनी सरकारी तपासनीस आला. फायली पाहून खूश झाला, नाकारलेल्यांच्या यादीपाशी मात्र थांबला. “ही का नाकारलीत? पावती चालते की. मागेच छापलेलं असतं.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तो गेल्यावर मॅनेजर मात्र हसला. “अहो, नको तो माणूस घेतला तर दंड बसतो. हवा तो नाही घेतला तर कोण विचारतंय? चुकलात तरी आपल्या बाजूने चुकलात.” वर चोख कामाचं प्रशस्तिपत्र देण्याचंही त्याने ठरवून टाकलं. असल्या शाबासकीपेक्षा थोबाडीत बरी.

बाई तडक इस्त्रीखात्यात गेल्या. “धाकटीला बोलवा. उद्याच घेते कामावर.”

थोरलीने इस्त्री उभी केली. “ती गेली. महिना संपला आणि जावं लागलं.”

“माझी चूक झाली. मी मागचं वाचलं नाही.”

“माहीत आहे. रडत मला तेच सांगत होती.” थोरलीने पुढची चादर अंथरली. “तिकडे सरकारच्या एका खात्याने तिला घालवलं आणि इकडे दुसऱ्या खात्याने परवाना छापून पाठवला. गेल्या आठवड्यात आला. घरी ठेवलाय. उद्या आणते, भिंग लावून बघा.”

दुसऱ्या दिवशी तिने खरंच तो टेबलावर आणून ठेवला. अगदी अस्सल होता.