चंद्रकळेची घडी
फणेरपेटी उघडली की जुन्या मेणाचा वास येतो आणि देहूरोडच्या लष्करी क्वार्टरमधली ती दुपार आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेजारी कुणाला मराठी येत नव्हतं, आणि हे डेपोतून आले की आधी माशांची काचपेटी, मग मी. त्या रविवारी माशांचा फोटो काढायचा होता. पाठीमागे काळं हवं म्हणून ह्यांनी माझी संक्रांतीची चंद्रकळा टांगली. ती नेसून हळदीकुंकवाला जायला मला तिथं कुणाचं घरच नव्हतं. तिची घडी मोडली ती अशी. फणेरपेटीतला आरसा माझ्या हातात देऊन म्हणाले, "खिडकीतलं ऊन वरून पाण्यात सोड. काचेवर पडलं तर काचच दिसेल, मासा नाही. आणि हलू नकोस." मी श्वास रोखून उभी राहिले. कवडशात मासे सोन्याचे झाले. इतका वेळ हे माझ्याजवळ कधी थांबले नव्हते. फोटो धुऊन आला, तर मासे सुरेख, पण कडेला काचेत माझा बांगड्यांचा हात उमटलेला. "छे, हात आला," म्हणत ह्यांनी कात्रीने ती कड कापली आणि मासे भिंतीवर लावले. कड मी आरशामागे सरकवून ठेवली. तिथला माझा तेवढाच फोटो. परवा सुनेला तो सापडला. म्हणाली, "आई, हा हात कुणाचा हो?"