साइड दिली तेव्हा

आमच्या यांनी एकतीस वर्षं बस चालवली. एकतीस वर्षांत एका कोंबडीलाही धक्का लागला नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून शाळेची बस धरली. चाळीस पोरं सकाळी न्यायची, दुपारी आणायची. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी यांचा उजवा पाय ब्रेक दाबतच असतो. जावयाच्या नव्या गाडीतल्या मॅटचा दोन दिवसांत चोळामोळा केला.

सुट्टीत आम्ही परदेशी लेकीकडे गेलो होतो. पुढच्या सोमवारी शाळा उघडणार होती. परतायला दोन दिवस उरले तेव्हा लेक म्हणाली, "आई-बाबा, चला, घोड्यावरून फिरून येऊ. पुढे गाइड असते, काही अवघड नाही."

"मला नाही बाई या वयात हाडं मोडून घ्यायची," मी म्हटलं.

"तू बस घरी," हे म्हणाले. झालं! आता मला जाणं भागच होतं.

तबेल्यात ओल्या भुशाचा वास होता. भिंतीवर ओळीनं लगाम टांगलेले, कोपऱ्यात हेल्मेटांचा ढीग. गाइड बाई एकेक विचारून फॉर्म भरत होती आणि लेक आम्हाला मराठीत सांगत होती. वजन किती? गुडघे कसे आहेत? डोळे, कान?

"ड्रायव्हरला डोळे विचारतेस?" हे म्हणाले. "ठणठणीत, लिही."

मीही हसले. आता आठवलं की माझाच राग येतो.

गाइडचं सांगणं एवढंच होतं : एकामागे एक चालायचं, लगाम सैल सोडायचा, पुढच्याच्या मागे घोडा आपोआप जातो. आपल्या मनानं कुणी काही करायचं नाही.

"मग आपण बसून करायचं काय?" हे हिरमुसले.

"घोडा ड्रायव्हर, तुम्ही पॅसेंजर," मी म्हटलं. यांना ते मुळीच आवडलं नाही.

निघालो. पुढे गाइड, मग हे, मग मी, शेवटी लेक. फाटकातून बाहेर पडतानाच यांचा डावा गुडघा खांबाला घासला. घोड्याची चूक, असं मला वाटलं. मग डावीकडची एक फांदी थोबाडीत बसली. "बघून चाला की!" मी मागून ओरडले. यांनी नुसता गाल चोळला.

पुढे वाट रुंद झाली. डाव्या हाताला लाकडी कठडा होता. बाबांचा फोटो काढायचा म्हणून लेकीनं घोडा पुढे काढला आणि ती कठड्याच्या आणि यांच्या मधून, यांच्या अगदी शेजारून चालायला लागली. तेवढ्यात मागून दुसऱ्या घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

मागून कुणी आलं की यांचा हात आपोआप साइड देतो. एकतीस वर्षांची सवय. यांनी लगाम डावीकडे खेचला, तोही असा की घोडा पुरता आडवा झाला.

"अहो, पोर आहे तिथे!" मी किंचाळले.

लेकीचा पाय घोडा आणि कठड्यामध्ये चेपला. ती खाली घसरली आणि यांच्या घोड्याचा खूर तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडला. वीतभरच!

तबेल्यात गाइड बाईनं तिच्या घोट्याला पट्टी बांधली. घोटा टम्म सुजला होता, तरी लेक आपली "काही नाही हो बाबा" म्हणत होती. हे बाकावर बसून पुटपुटत होते, "मध्येच कुठून आली ही?"

मध्येच? अहो, केव्हाची शेजारून चालली होती! मी यांच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या डाव्या हातानं यांचा उजवा डोळा झाकला.

"किती बोटं?"

"अगं, काय हे पोरखेळ..."

"किती?"

"दोन."

मी बोटं दाखवलीच नव्हती. दुसरा हात पाठीमागे होता.

मग सगळं खरं बाहेर आलं. शाळेच्या बसच्या दाराशी उभी राहणारी मावशी पत्र्यावर एक थाप मारते तेव्हा थांबायचं, दोन मारते तेव्हा निघायचं. ही पद्धत सगळीकडेच असते. यांनी तिसरी थाप वाढवली होती. डावीकडे कुणी असलं तर तीन. आरसा ढिला झालाय, असं तिला सांगून ठेवलं होतं. वर्षभर ती बिचारी थापा मारत होती आणि हे त्या थापांवर चाळीस लेकरं नेत होते.

"आणि एक दिवस मावशीला शिंक आली असती तर?" मी म्हटलं. "तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

"बस गेली तर मी काय करू?" यांचे डोळे भरून आले. "दिवसभर तुझ्या मागे मागे फिरू?"

मला रडू आलं. माणूस वाईट नाही हो माझा. पण मी फोन काढला आणि शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा नंबर लावला.

"परत गेल्यावर सांगतो ना, समोरासमोर."

"ओळखते मी तुम्हाला. सोमवारी गुपचूप बस काढाल."

"मग तू सांग."

"मी नाही. तुमच्या तोंडानं सांगा."

मुख्याध्यापिका बाईंनी फोन उचलला. यांनी दोनदा घसा खाकरला. "बाई, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," म्हणाले. "वर्ष झालं. दुसरा ड्रायव्हर बघा."

पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं. हे मान पूर्ण डावीकडे वळवून लेकीकडे बघत राहिले. ती खुर्चीवर पाय ठेवून बसली होती.

"नाही, बाई," हे म्हणाले. "शाळेच्या पोरांना नाही. माझ्या पोरीला लागलं."