हिमोग्लोबिन आठ, तरी म्हणे आजच ऑपरेशन करा!

मैत्रिणींनो, आज दुपारी तेलीबांध्याच्या एका क्लिनिकमध्ये माझ्या नवऱ्यानं डॉक्टरची कॉलर धरली.

दोन लेकरांनंतर छाती ओघळली, ती ऑपरेशननं नीट करून घ्यायची हौस माझीच. पण हिमोग्लोबिन निघालं आठ. डॉक्टर म्हणाले, "आज भूल देणार नाही. रक्त जास्त गेलं तर जिवावर बेतेल. आयर्नच्या गोळ्या घेता ना?"

"हो, रोज सकाळी चहासोबत."

"मग अंगी कशा लागतील? चहासोबत घेऊ नका. रक्त कमी काहून झालं ते आधी शोधू, हिमोग्लोबिन वाढलं की मग ऑपरेशन."

आमचे हे भडकले. "छुट्टी लेके आया हूँ, आज ही करो!" मी ओढून कॉलर सोडवली, तर त्यांनी दाराच्या काचेवरच बुक्की हाणली. काच खळ्ळकन फुटली. हातातून रक्ताची धार लागली. ती पाहून ते मटकन खाली बसले. "मले चक्कर येऊन राहिली."

नर्स पट्टी बांधत होती. मी म्हटलं, "एवढ्याशा रक्तानं तुम्ही खाली बसले. माझ्या अंगात आहे थोडंसं, ते आज टेबलावर सांडू देत होते काय?"

मैत्रिणींनो, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे, हे तुमच्या घरात कोणाले माहीत आहे काय?