पाठीवरचं पाणी

आमच्या नाशिकच्या ऑफिसात टपाल बघणाऱ्या एक बाई होत्या, हरसूलकडच्या. त्यांच्या पाड्यावर बाया कोसभर चालून पाणी आणायच्या. रविवारी आमच्याबरोबर ब्रह्मगिरी चढतानाही बाईंच्या पाठीवर पाच लिटरचा कॅन असायचाच. मधूनमधून तो कानाशी धरून हलवायच्या. किती उरलंय ते त्यांना आवाजावरून कळायचं.

नव्वदच्या दशकात आम्ही हिमालयात गेलो. एकाच वाटेवर बर्फाच्या पाण्याची चार तळी, तरी बाईंचा कॅन भरलेलाच. त्या मागे पडू लागल्या तसा वाटाड्या वैतागला. "माताजी, पानी फेंक दो, नहीं तो घोड़े पर नीचे जाओ."

"घोडा तुला लागंल," बाई मराठीतच म्हणाल्या आणि चालू लागल्या. मलाही तो निव्वळ हट्ट वाटला.

शेवटच्या तळ्याशी त्यांनी कॅनमधलं पाणी आम्हा सगळ्यांना पाजलं, वाटाड्यालाही. मग वाकून तळ्यात कॅन पुन्हा बुडवला.

"अहो बाई, आता नुसता उतार! खाली नदी आहे!" मी ओरडलो.

"असू दे. एवढं चालून पाण्याला आले, रिकामी नाय जायची मी."

त्यांनी कॅन कानाशी धरून हलवला. जराही वाजला नाही, तेव्हाच उठल्या.