काळ्या टेपचा वास

काळ्या टेपचा वास आला की रत्नागिरीतली ती दुपार आठवते. पीएच.डी.साठी लॅपटॉपवर मुलाखत चालली होती. पगारी जागा मिळाली नाही तर आईसोबत जेटीवर मासे विकणं ठरलेलंच होतं. आकाशातून येणारे सूक्ष्म कण टिपणारं, उजेड आत शिरू नये म्हणून काळ्या टेपनं गुंडाळलेलं यंत्र मी बांधलं होतं, पण कॉलेजातल्या सरांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं होतं, आणि माझी शिफारसही त्यांचीच होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पडद्यावरून विचारलं, "हे यंत्र नक्की कोणी बांधलं?" खरं बोलले तर शिफारस जाणार. दाराआडून आई कुजबुजली, "गो, हा बाजार नाय, भांडू नको!" तरी माझ्या तोंडून गेलंच, "टेप गुंडाळूनही उजेड कुठून आत शिरायचा, ते आधी सरांना विचारा, मग मला." बाईंनी लगेच मलाच विचारलं, "कुठून?" आणि मी ती फट नेमकी सांगितली. जागा मिळाली, इथल्या प्रयोगशाळेतही मी तीच टेप सोलते, पण त्या यंत्रावर अजून सरांचंच नाव आहे.