सुदामच्या गाडीचं गाइड

व्हॉल्व्ह गाइड मी इंजिनाच्या थंड हेडमधून हातोडीनं ठोकून काढलं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये नव्या जवानांना हेच करू नका म्हणून ओरडण्याचं काम माझ्याकडे होतं.

मोटरसायकल सुदामची. नाईक सुदाम, पौडजवळच्या चांद्याचा, आमच्या युनिटचा डिस्पॅच रायडर. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी ती घरापासून वेशीजवळच्या स्मारकापर्यंत न्यायची, तीही चालवत, ढकलत नाही, हा त्याच्या बायकोचा, शालनवहिनींचा नेम. चालवायचा मान माझा. यंदा ती निळा धूर ओकायला लागली. व्हॉल्व्ह ज्या नळीतून वर-खाली होतो ते गाइड झिजलं, की तेल आत उतरून जळतं. ते काढण्याआधी हेड तापवायचं, म्हणजे ॲल्युमिनियम फुगून पकड सोडतं. पण वहिनींच्या गॅसवर उद्याच्या पुरणाची डाळ होती. उतरवा म्हणायची लाज वाटली. ठोकलं. भोकाला ओरखडे पडले, नवं गाइड आत डुगडुगायला लागलं. स्मारकावर सकाळी आठला पोचायचं होतं.

पोस्टवर हेच काम सुदामनं केलं होतं, फौजेच्या गाडीवर. हेड लंगरच्या चुलीवर, गाइड बर्फात.

"बघा उस्ताद," म्हणाला. गाइड अलगद आत गेलं.

दुसऱ्या सकाळी तो डाक घेऊन पुढच्या पोस्टला निघाला. दुपारी वरून बर्फाचा कडा सुटला. ऑपरेटर वायरलेस सेटवर विचारत राहिला.

"रायडर पोहोचला? ओव्हर."

"नेगेटिव्ह. ओव्हर."

गाडी आधी सापडली. इंजिन धड होतं.

ओरखड्यांचं वहिनींना खरं ते सांगितलं. त्यांनी डाळ खाली उतरवली. "मागायचा हुता की गॅस, भावजी. डाळ काय पळून चालली हुती?"

पौडचा लेथवाला शटर ओढत होता. त्याच्या हातापाया पडून भोक साफ करून घेतलं, जरा जाड गाइड कातून आणलं. हेड गॅसवर, गाइड फ्रीजरमध्ये मटारशेजारी. बसलं. रीमर फिरवून आतलं भोक मापात आणलं, व्हॉल्व्ह सीटवर घासला. कंबर इतकी धरली, की शेवटचे नट बसून नाही, आडवा होऊन आवळले.

सकाळी धूर नव्हता. स्मारकापाशी गाडी उभी केली, सॅल्यूट केला. दगडावरचा सुदाम आता माझ्या मुलापेक्षा लहान आहे.

वहिनींनी हार घातला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हे असते ना भावजी, तर तुमाला पान्याला हातसुदा लावू दिला नसता."